पट्टी होती की नव्हती

"साखर उतरली होती म्हणून सांगायचं," वहिनी म्हणाली. "सकाळी नुसत्या चहावर गेले होते. त्यात खोटं काय आहे?"

खोटं काहीच नव्हतं. दादा सकाळी खरंच नुसत्या चहावर चर्चला गेले होते. म्हणूनच बिट्टीला आईचं ते बोलणं जास्त टोचलं.

बिट्टी अडतिशीला आली होती. लॉन्ड्रीचा सगळा कारभार आता तिच्याकडे होता, बावीस माणसं तिच्या शब्दावर हलायची. पण घरात ती अजून बिट्टीच होती. घरातले सगळे म्हणतात म्हणून तीही आईबापांना दादा-वहिनीच म्हणायची, आणि मोठ्यांच्या बोलण्यात आपण तोंड घालायचं नाही हा नियमही तिच्यापुरता अजून शाबूत होता. ती खिडकीपाशी उभी राहून दादांकडे बघत होती.

दादा घड्या घालायच्या लांब टेबलाशी बसले होते. रविवार असल्यामुळे खालची मशीनं बंद होती, आणि त्या शांततेची कोणालाच सवय नव्हती. भिंतीलगत हॉस्पिटलच्या चादरींचे गठ्ठे होते. खोलीभर साबणाचा आणि तापल्या कापडाचा वास होता, तो काही रविवारची सुट्टी घेत नसे. दादांनी बूट काढले होते, पण कोट तसाच अंगावर होता. एकोणसत्तर वर्षांचा माणूस एका सकाळीत ऐंशीचा दिसायला लागला होता.

"पाळकसाहेब पाचला येतो म्हणालेत," वहिनी पुन्हा म्हणाली. "त्यांना काय सांगायचं ते आत्ता ठरवा. नंतर एकाचं एक आणि दुसऱ्याचं दुसरं नको."

सकाळी दादा चर्चच्या पुलपीटवर संदेश द्यायला उभे राहिले होते. विषय एदेन बागेचा. चाळीस वर्षांत त्यांनी तो दहा वेळा तरी सांगितला असेल. पाप फळ तोडल्यावर सुरू झालं नाही, ते सांगत होते, त्याच्या आधीच झालं. सापानं बाईचा हात धरून झाडाकडे ओढला नाही. त्यानं नुसतं विचारलं, देव खरंच असं म्हणाला होता का? तिनं आपल्या कानांनी ऐकलेलं होतं. त्या कानांवरचा तिचा भरवसा त्यानं काढून घेतला, बस. चोरी, खून, व्यभिचार ह्या सगळ्या फांद्या. मूळ हे. आणि इथं दादा थांबले. तिसऱ्या बाकावर त्यांची धाकटी बहीण डाव्या हातात गीतांचं पुस्तक धरून बसली होती. तिच्याकडे बघत ते म्हणाले, "मी लबाड माणूस आहे." आणि खाली उतरले. मंडळींना वाटलं, चक्कर आली. दोघांनी धरलं, कोणीतरी पाणी आणलं, आणि पाळकसाहेबांनी घाईनं शेवटचं गीत सुरू केलं.

"त्यांना खरं तेच सांगायचं," दादा म्हणाले.

"खरं म्हणजे काय?" वहिनी म्हणाली. "लबाड आहात म्हणून? कोणाला फसवलंत तुम्ही? धुण्यात सोडाही कधी कमी घातला नाहीत."

जिन्यावर पावलं वाजली. आधी मिस्त्री आला, दादांच्या पाठचा भाऊ. लॉन्ड्रीतली सगळी मशीनं त्याच्या हातची, म्हणून घरीदारी मिस्त्रीच. निरोप मिळाला तसा घरच्या चपलांवरच आला होता. त्याच्यामागून छोटीआत्या चहाचा ट्रे घेऊन वर आली. उजव्या हाताला अंगठा तेवढा होता. चार बोटं एक्केचाळीस वर्षांपूर्वी खालच्या रोलरमध्ये गेली. ट्रे तिनं नेहमीसारखा उजव्या कोपरावर तोलला होता आणि डाव्या हातानं कड धरली होती.

"छोटी, बस," दादा म्हणाले.

"चहा गार होईल."

"होऊ दे."

ती बसली. दादांनी एकदा मिस्त्रीकडे पाहिलं, आणि बिट्टीला दिसलं की मिस्त्रीकाकांना पुढचं आधीच कळलंय. ते अर्धवट उठले. म्हणाले, "दादा, नको."

"रोलरच्या तोंडावरची पट्टी त्या दिवशी जागेवर नव्हती," दादा म्हणाले. "मी काढून ठेवली होती."

त्या पट्टीचं काम बिट्टीला पाठ होतं. नव्या बायका कामाला आल्या की पहिल्याच दिवशी ती त्यांना रोलरपाशी नेऊन दाखवायची. ओली चादर दोन्ही हातांनी तापल्या रोलरच्या तोंडाशी सरकवायची. तोंडावर आडवी लोखंडी पट्टी असते. बोटं फार पुढं गेली की पट्टी उचलली जाते आणि मशीन जागच्या जागी थांबतं. आणि मग दरवेळी ती सांगायची, पट्टी असूनसुद्धा आमच्या आत्याचा हात गेला, तेव्हा लक्ष कामावर ठेवा. कालपरवाच तिनं हे एका नव्या मुलीला सांगितलं होतं. छोटीआत्या तेव्हा पलीकडेच उशांचे अभ्रे मोजत होती. ऐकून नेहमीसारखी कसनुशी हसलीही होती.

बिट्टीनं खिडकीची चौकट धरली.

*

मिस्त्रीला राग आला होता, आणि तो कशाचा ते त्याला स्वतःलाच धड कळत नव्हतं.

"तुला सांगायचंच होतं तर आधी मला विचारायचं होतंस," तो म्हणाला.

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

"नको म्हणालो असतो."

"म्हणून नाही विचारलं."

"म्हणजे तू मोकळा झालास. भर मंडळीत उभं राहायचं, लबाड म्हणायचं, लोक पाणी घेऊन धावतात. माझं काय? मी उद्या खाली त्याच मशीनला तेल घालायचं, आणि बायकांनी माझ्याकडे बघायचं."

"मिस्त्री," छोटी म्हणाली. फक्त एवढंच. तिचा आवाज अगदी साधा होता, साखर हवी का विचारावं तसा. "तुलाही माहीत होतं?"

माहीत होतं म्हणजे काय, त्यानंच ती पट्टी परत बसवली होती. वडील जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. दादा अठ्ठावीस वर्षांचा, नवा नवा मालक. हॉस्पिटलची जाड पांघरुणं आली होती. त्यांच्या शिवणी पट्टीला अडकायच्या आणि दर पाच मिनिटांनी मशीन बंद पडायचं. दादा म्हणाला, दोन दिवस काढून ठेव. मिस्त्री हातातलं काम संपवेपर्यंत दादानं स्वतःच बोल्ट सोडवलेसुद्धा, आणि त्याच्या हातात दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी छोटी ओरडली. दादा तिला गाडीत घालून निघाला, तेवढ्यात मागे वळून म्हणाला, "पट्टी लाव. साहेब येतील." कारखान्यांची तपासणी करणारे साहेब अकरा वाजता आले. तोवर पट्टी जागेवर होती आणि पुसूनही झाली होती.

"लॉन्ड्रीला सील लागलं असतं," तो अखेर म्हणाला. "आठ घरं होती लॉन्ड्रीवर. आपलं धरून नऊ. दोन-चार दिवसांचा प्रश्न होता, छोटे. मग तुला सांगणारच होतो."

"मग?"

"मग तू तापात होतीस. मग तुला घरी आणलं. मग..." खरं कारण त्यालाच ऐकवत नव्हतं. दोन महिन्यांनी एका दुपारी छोटी आपणहून म्हणाली होती, "असेल पट्टी. माझंच लक्ष नसेल." त्या दिवशी मिस्त्रीला कितीतरी दिवसांनी सपाटून भूक लागली होती. आईनं वाढलेलं सगळं त्यानं संपवलं आणि वर आणखी मागितलं. ती भूक त्याला आजही आठवत होती.

"मग तूच म्हणालीस की लक्ष नव्हतं," तो म्हणाला. "त्यावर आम्ही काही बोललो नाही."

छोटीनं मान हलवली. जणू हिशोबातला एक आकडा जुळला होता.

"बोल्ट किती होते?"

"काय?"

"पट्टीचे बोल्ट. किती होते?"

"चार."

"कुठं होते?"

"माझ्या खिशात," मिस्त्री म्हणाला, आणि चौसष्टाव्या वर्षी त्याला चारचौघांत रडू आलं.

*

वहिनीला रडणारे पुरुष आवडत नसत. त्यांच्यामागे नेहमी बायकांनाच निस्तरावं लागतं असा तिचा अनुभव होता. तिनं पदरानं टेबल पुसलं. टेबल स्वच्छच होतं.

"झालं ते झालं," ती म्हणाली. "वाईट झालं. पण एक्केचाळीस वर्षांनी उकरून छोटीची बोटं परत येणार आहेत का? तिला आपण काही कमी केलं नाही. तिच्या खोलीत पहिला पंखा लागला, मग आपल्या. हो की नाही गं, छोटी?"

"हो," छोटी म्हणाली.

"मग? घरातली गोष्ट घरात राहू दे. बाहेर साखर उतरली म्हणून सांगू. माफी मागायची तर इथं मागा, देवापुढं मागा."

"वहिनी," बिट्टी म्हणाली, "तू आत्याला मला घेऊ द्यायची नाहीस."

वहिनीला आधी समजलंच नाही. "कधी?"

"लहानपणी. तूच सांगतेस ना नेहमी. सगळ्यांनी घेतलं, फक्त छोटीकडे दिलं नाही. तिचं लक्ष नसतं, पाडेल."

"अगं, तो काय दुस्वास होता का? एक हात अधू आणि त्यात..." त्यात वेंधळी, असं ती म्हणणार होती. इतकी वर्षं म्हणत आली होती. तिच्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूनं बाजूला घेऊन सांगितलं होतं, धाकटी मनानं चांगली आहे, पण तिच्या भरवशावर काही सोडू नकोस, पट्टी असताना हात घातला त्या पोरीनं. आणि नवी सून ऐकत गेली. दूध उतू जाईल म्हणून छोटीला चुलीपाशी उभं केलं नाही. शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांकडून छोटीसाठी विचारणा आली, तेव्हा मास्तरांच्या बहिणीला हिनंच, अगदी चांगुलपणानं, सांगितलं होतं की मुलगी सोन्यासारखी आहे, पण संसार तिला झेपायचा नाही, तिचं कुठं लक्षच नसतं. मास्तर परत आले नाहीत. ही गोष्ट वहिनीनं कोणालाच सांगितली नव्हती, कारण तिच्या मते त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच.

ती खाली बसली.

"मला काय माहीत," ती नवऱ्याला म्हणाली. आवाज चढला नाही, उलट बसला. "मला जे सांगितलं त्यावर मी चालले. तुम्ही मला फसवलंत. फसवलंत म्हणून मी तसं वागले."

दादांनी वर पाहिलं. सकाळी पुलपीटवरून पुढं जे वाचायचं राहून गेलं होतं ते हेच होतं, बागेतल्या बाईनं देवाला दिलेलं उत्तर, सापानं मला फसवलं म्हणून.

"बाहेर काय सांगायचं ते आता तुमचं तुम्ही ठरवा," वहिनी म्हणाली. "मी साखरेचं म्हणणार नाही."

*

छोटी त्या चार भोकांचा विचार करत होती.

हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर तिनं पहिल्यांदा तेच सांगितलं होतं. रोलरच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन भोकं दिसत होती, रिकामी, आणि त्यांच्या कडेला वंगण होतं. चादर पुढं सरकवताना तिला वाटलं होतं, हे काहीतरी वेगळं दिसतंय. एवढं वाटेपर्यंत हात गेला. तिनं ते तपासणीच्या साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, पट्टी तर आहे. दादा म्हणाले, ताप आहे तिला. आई म्हणाली, बाळ, तापात काहीबाही दिसतं. मग तिनं ते भोकांचं सांगणं सोडून दिलं, आणि काही वर्षांनी ती भोकं दिसायचीही बंद झाली. त्यानंतर तिनं आपल्या डोळ्यांवर कधी विसंबून राहायचं नाही असं ठरवून टाकलं. दाराला कडी लावली की पुन्हा जाऊन बघायची. अभ्रे तीनदा मोजायची. रस्ता ओलांडताना गाडी नाही हे दिसत असूनही दुसरं कोणी पाय उचलेपर्यंत थांबायची. सतराव्या वर्षापासून अठ्ठावन्नाव्यापर्यंत. किती दमायला होतं ह्यानं, हे तिला आज पहिल्यांदाच कळलं, ओझं खाली ठेवल्यावरच खांदे दुखायला लागतात तसं.

"छोटी," दादा म्हणाले. ते टेबलाची कड धरून उठत होते. "आदामानं बायकोकडे बोट दाखवलं. मी बहिणीकडे दाखवलं. सतरा वर्षांची होतीस तू. प्रभूसमोर मी—"

"दादा, प्रवचन नको."

ते थांबले.

"मला साधं सांग. पट्टी होती का?"

"नव्हती."

"मला भोकं दिसली होती ती?"

"खरी होती. चार. तुला बरोबर दिसलं होतं."

"परत सांग."

"तुला बरोबर दिसलं होतं, छोटे. तुझं लक्ष होतं. तुझी काही चूक नव्हती."

तिनं डोळे मिटले. आपल्याला हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. नुसता थकवा आला, पायांपासून वर चढत आला. खाली कुठल्यातरी नळाचं पाणी ठिबकत होतं. मिस्त्री नाक पुसत होता. कोणालाच घाई नव्हती, आणि तरी सगळे तिच्याच तोंडाकडे बघत होते. ती आता माफ करेल, मग चहा पुन्हा तापवता येईल.

"मला माफ कर," दादा म्हणाले.

"आई गेली त्या आठवड्यात तू तिच्या उशाशी बसून शास्त्र वाचत होतास," छोटी म्हणाली. "आठवतं?"

दादांचा चेहरा पांढरा पडला. आठवत होतं.

"मी तिचे पाय चेपत होते. मी म्हणाले, आई, माझ्या निष्काळजीपणानं तुला जन्मभर घोर लागला, मला माफ कर. आणि आई म्हणाली, केलं गं, केव्हाच केलं. तू पुस्तकातून मान वर केलीस. मला दिसलं. मग तू पुढची ओळ वाचलीस."

"छोटी..."

"ती मला माफ करून गेली, दादा. न केलेल्या गोष्टीसाठी. ते आता मी कोणाकडे परत करू?"

बिट्टी खिडकीपासून निघून आली आणि आत्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. काय करावं ते तिला सुचत नव्हतं, म्हणून नुसतीच उभी राहिली. वहिनीनं हात पुढं करून चहाचा ट्रे छोटीसमोरून बाजूला केला, आणि मग तो हात तिथंच, छोटीच्या हाताजवळ, टेबलावर राहू दिला. छोटीनं तो धरला नाही. झटकलाही नाही.

"आज नाही जमायचं," छोटी दादांना म्हणाली. "कधी जमेल ते माहीत नाही. जमलं तर सांगेन."

"बरं," दादा म्हणाले. चाळीस वर्षं ज्यांना प्रत्येक गोष्टीला बायबलातलं वचन आठवायचं त्यांना आज एकही आठवलं नाही.

पाळकसाहेब पाचला दहा कमी असतानाच आले. तरुण होते, मंडळीत येऊन त्यांना दीडच वर्ष झालं होतं, आणि जिना चढताना ते लांबूनच आवाज देत होते, "कशी आहे तब्येत? उठू नका, उठू नका." वर आल्यावर मात्र त्यांनी एकेकाचे चेहरे पाहिले आणि बॅग कुठं ठेवावी ते त्यांना कळेना.

"काय झालं होतं दादांना?" त्यांनी वहिनीला विचारलं.

वहिनी छोटीकडे बघत होती. मग मिस्त्रीही बघायला लागला.

दादांनी घसा साफ केला. "साहेब, मला तुमच्यापुढं, आणि पुढच्या रविवारी सगळ्या मंडळीपुढं एक कबुली—"

"दादा, तू बस," छोटी म्हणाली.

ते बसले.

"मंडळीपुढं काय आणि केव्हा ते मी ठरवीन. आणि मीच बोलेन. पुलपीटवरून नाही, माझ्या बाकावरून." मग ती पाळकसाहेबांकडे वळली. "साहेब, ती खुर्ची घ्या. वेळ लागेल. मला हे सांगायची सवय नाही."

पाळकसाहेबांनी खुर्ची ओढली.

"मी सतरा वर्षांची होते," छोटीनं सुरुवात केली. "सकाळची आठची वेळ. मी रोलरवर होते, माझ्यासमोर जाड पांघरुणांचा ढीग होता. रोलरच्या तोंडावर एक लोखंडी पट्टी असते. ती त्या दिवशी नव्हती. तिच्या जागी चार भोकं होती."

पाळकसाहेबांच्या कपाळावर आठी आली. ते ह्या मंडळीत नवीन असले तरी छोटीच्या हाताची गोष्ट त्यांनाही माहीत होती, निष्काळजीपणावर बोलताना कोणीतरी ती त्यांना सांगितलीच होती. त्यांनी नकळत मान वळवली आणि खात्री करून घ्यायला दादांकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे बघू नका, साहेब," छोटी म्हणाली. "तिथं मी होते."

पाळकसाहेबांनी मान परत वळवली. छोटी जिथं तोडलं होतं तिथून पुढं सांगू लागली.